गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलाची जागा पाहायला जाताना : कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी

कोल्हापुरात मी शिक्षिकेच्या नोकरीसाठी आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सांगितले की, अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळा झाला, आता शाहू महाराज ज्या हॉटेलात चहा प्यायला थांबत, ती जागा तेवढी पाहून या. मी रविवारी सकाळी स्टँडवर उतरले, रिक्षात बसले आणि मोठ्या आत्मविश्वासाने “सत्यसुधारक हॉटेल” असे म्हणाले. रिक्षावाल्या मामांनी क्षणभर विचार केला आणि साधारण तशाच नावाच्या एका लॉजच्या दारात मला आणून सोडले. तिथल्या व्यवस्थापकांनी माझ्यापुढे नोंदवही सरकवली आणि आधार कार्ड मागितले. मला चहा प्यायचा होता, खोली नको होती, हे त्यांना समजावून सांगण्यात दहा मिनिटे गेली आणि त्या दिवशी ती जागा मला सापडलीच नाही.

त्यानंतर मी तिथे अनेकदा गेले, कधी एकटी, कधी पाहुण्यांना घेऊन, तर कधी वर्गातल्या मुलांना घेऊन. पहिल्या खेपेला जे कुणी सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, ते सगळे इथे क्रमाने लिहीत आहे.

१. हे हॉटेल आता चालू नाही, हे आधी ध्यानात घ्या

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. ‘ऐतिहासिक चहाचे हॉटेल’ असे ऐकले की जुनी लाकडी पाटी, संगमरवरी टेबले, भिंतीवरची तसबीर आणि भट्टीवरचे आधण असे चित्र डोळ्यांपुढे येते. गंगाराम कांबळे यांचे सत्यसुधारक हॉटेल शंभर वर्षांपूर्वीचे. ते भाऊसिंगजी रोडवर होते. आज तिथे टेबले नाहीत आणि चहाही मिळत नाही. त्या घटनेची आठवण म्हणून दसरा चौक आणि भाऊसिंगजी रोडच्या परिसरात उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, आणि आपल्याला जायचे आहे ते तिथे. चहा त्यानंतर दुसरीकडे घ्यायचा आहे, आणि तो कुठे व कसा घ्यावा हे पुढे सांगितले आहे.

म्हणूनच रिक्षात किंवा रस्त्यात विचारताना ‘हॉटेल’ हा शब्द वापरूच नका. ‘गंगाराम कांबळे स्मृतिस्तंभ’ असे विचारा. एवढ्यानेही कुणाला उमगले नाही, तर ‘दसरा चौक’ म्हणा, कारण दसरा चौक ठाऊक नसलेला रिक्षावाला कोल्हापुरात सापडायचा नाही.

२. जाण्याआधी घटना नीट समजून घ्या

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. स्तंभ हा शेवटी दगड आणि त्यावरची अक्षरे. घटना माहीत नसेल तर दोन मिनिटांत फोटो काढून माणूस परत फिरतो.

गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. तिथल्या पिण्याच्या पाण्याला अस्पृश्य मानलेल्या नोकरांनी हात लावायचा नाही, असा अलिखित दंडक होता. गंगाराम यांनी त्या पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना गुरासारखे मारले. शाहू महाराज त्या वेळी दिल्लीला गेलेले होते. ते परतल्यावर गंगाराम यांनी त्यांची भेट घेऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले, त्यासाठी मदतही केली. त्यातून भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल उभे राहिले आणि त्याला ‘सत्यसुधारक हॉटेल’ असे नाव देण्यात आले.

हॉटेल स्वच्छ होते आणि चहाही चांगला होता, तरी गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा गावातले कोण पिणार? ही अडचण महाराजांच्या कानांवर गेली, तेव्हा ते स्वतः आपल्या खडखड्यातून, म्हणजे घोडागाडीतून, हॉटेलासमोर येऊन थांबू लागले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागवू लागले. बरोबर मानकरी असत, अधिकारी असत, आणि महाराज पितात म्हटल्यावर त्यांनाही प्यावा लागे. ज्यांना कागदांवर महाराजांची सही हवी असे, त्यांना इथेच बोलावून आधी चहा पाजला जाई, असेही आठवणींमध्ये सांगितले जाते. गंगाराम यांना सोडावॉटरचे यंत्र मिळाले तेही महाराजांकडूनच, असे म्हणतात.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण ती बहुतेक जणांच्या नजरेतून निसटते. मारहाण पाण्याला शिवल्यावरून झाली होती. त्या काळी एकमेकांच्या हातचे कोरडे पदार्थ घेण्याबाबत थोडीफार सवलत असे, पण पाण्याबाबत ती जवळजवळ नव्हतीच. चहा म्हणजे उकळलेले पाणीच. ज्या माणसाने पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला, त्याच माणसाने उकळलेले पाणी संस्थानच्या छत्रपतींनी भर रस्त्यात, चारचौघांसमोर प्यावे, यात जी योजना होती ती कापडाच्या किंवा धान्याच्या दुकानात साधली नसती. महाराजांनी मनात नेमका काय हिशेब केला होता हे सांगता येणार नाही, परंतु वर्गात मुलांना मी ही घटना याच बाजूने समजावून सांगते आणि ती त्यांना पटकन कळते. बशी कुणी कुणाला दिली आणि कुणाच्या ओठांना लागली, एवढेच विचारायचे.

जागाही विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. भाऊसिंगजी रोड हा भवानी मंडप आणि जुन्या राजवाड्याच्या बाजूकडून शिवाजी चौक, महापालिका, सीपीआर हे सरकारी रुग्णालय, टाऊन हॉल असा नव्या राजवाड्याच्या दिशेला जाणारा शहराचा मोठा रस्ता आहे. त्याला भावनगरचे महाराज भावसिंहजी यांचे नाव दिलेले आहे. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ते शाहू महाराजांबरोबर शिकत होते. हॉटेल गावाबाहेर कुठे कोपऱ्यात काढले असते, तर महाराजांनी तिथे जाऊन चहा प्यायल्याचे कुणाला कळलेही नसते. हा रस्ता मात्र सगळ्यांच्या येण्याजाण्याचा होता.

काळाचा संदर्भ डोक्यात असेल तर बरे. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा आणि राज्यारोहण २ एप्रिल १८९४ चे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम १९१९ मध्ये निघाले आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावची अस्पृश्यांची परिषद झाली, जिच्यात त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. या हुकूम-कायद्यांच्या रांगेत एक कप चहा ठेवून पाहिला की तोही त्याच कामाचा भाग होता, हे ध्यानात येते.

आणखी एक सावधगिरी. ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक फक्त महाराजांविषयी बोलतात आणि गंगाराम कांबळे जणू चहाचा कप पुढे करण्यापुरतेच होते असे वाटते. मला ते खटकते. ज्या रस्त्यावर आपल्याला मारणाऱ्यांचे भाऊबंद रोज ये-जा करतात, तिथे पहाटे उठून भट्टी पेटवायची, गिऱ्हाईक येणार नाही हे ठाऊक असूनही कपबश्या धुऊन मांडून ठेवायच्या आणि पाटीवर ‘सत्यसुधारक’ लिहून बसायचे, हे काम गंगाराम यांचे होते. महाराज येत ते काही वेळासाठी, दुकान मात्र दिवसभर चालवायचे होते. म्हणून मी या जागेला ‘गंगाराम कांबळे यांचे हॉटेल’ असेच म्हणते आणि आपणही तसेच म्हणावे, असे सुचवते.

३. दिवस आणि वेळ ठरवा

सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. रहदारी कमी असते आणि परतताना चहाच्या हॉटेलांत ताजा माल आलेला असतो. दुपारी उन्हाचा त्रास होतो. संध्याकाळी सीपीआर ते शिवाजी चौक या पट्ट्यात इतकी गर्दी उसळते की रस्त्याकडेला थांबून काही वाचणे शक्य होत नाही.

सोमवारी मात्र शक्यतो जाऊ नका. नुसता स्तंभ पाहायचा असेल तर हरकत नाही, पण जवळच्या टाऊन हॉलमधले शासकीय संग्रहालय सोमवारी बंद असते आणि तेवढ्यासाठी पुन्हा यावे लागते.

दोन तारखा विशेष आहेत. २६ जूनला शाहू जयंती असते आणि ६ मे रोजी स्मृतिदिन असतो. ६ मे २०२२ रोजी, स्मृतिशताब्दीच्या दिवशी, सकाळी १० वाजता सगळे शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबले होते. दसरा चौकातले ते शंभर सेकंद मी विसरू शकत नाही. परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने हे दिवस टाळावेत. एका वर्षी मी हौसेने चाळीस मुलांना २६ जूनला घेऊन गेले. दसरा चौकात मिरवणुका, चित्ररथ, लेझीम, पाऊस आणि छत्र्या यांत आम्ही असे अडकलो की तासाभरात पन्नास पावलेही पुढे सरकलो नाही. एका मुलाची चप्पल हरवली, दुसऱ्याला दुसऱ्याच शाळेच्या रांगेतून शोधून आणावे लागले आणि स्तंभापर्यंत कुणीच पोहोचले नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांना परत न्यावे लागले.

४. जवळ काय असावे

या भेटीला तिकीट नाही, परवानगी नाही, कुठलेही कागदपत्र लागत नाही. आधार कार्ड लागते ते मुक्कामासाठी लॉज घ्यायचा असेल तरच. बाहेरगावच्या शाळेने सहल आणायची असेल, तर मुख्याध्यापकांचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी सोबत ठेवावी, कारण संग्रहालयात ती उपयोगी पडते.

बाकी सामान साधे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्री हवीच, आणि ती धड दांड्याची असावी, कारण कोल्हापूरचा पाऊस घडीच्या छत्रीला जुमानत नाही. पायांत चालायची चप्पल किंवा बूट, पाण्याची बाटली आणि दहा-वीस रुपयांच्या सुट्या नोटा ठेवा. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता टपऱ्यांवरही असते, पण जुन्या हॉटेलांत सकाळच्या गर्दीत मालकाला सुटे पैसे दिलेले जास्त आवडते. वही-पेन्सिल न्या. माझ्यापुरते सांगायचे, तर दगडावरचा मजकूर फोटोत घेण्यापेक्षा हाताने उतरवून घेतला की मला तो जास्त लक्षात राहतो.

५. दसरा चौकापर्यंत कसे पोहोचाल

रेल्वेने आलात तर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतराल, एसटीने आलात तर मध्यवर्ती बसस्थानकावर. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथून स्टेशन रोडने व्हीनस कॉर्नरमार्गे दसरा चौकाला पायी यायला रमतगमत वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मी पायीच येण्याचा सल्ला देईन. वयस्कर माणसे बरोबर असतील तर केएमटीची, म्हणजे शहर बससेवेची, बस किंवा रिक्षा घ्यावी. रिक्षात बसण्याआधी भाडे विचारून घेतले की नंतर वाद होत नाही.

स्वतःची चारचाकी असेल तर ती या भागात आणूच नये. गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात सगळे पाहून होते.

६. दसरा चौकात थोडे थांबा

चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि जवळच शाहू स्मारक भवन आहे. पुतळ्याला नमस्कार करून लगेच पुढे जाऊ नका. चौकात उभे राहून स्वतःभोवती एक फेरी मारा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ या संस्था याच परिसरात आहेत. वेगवेगळ्या जातिधर्मांतल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून महाराजांनी वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. याच चौकात दरवर्षी विजयादशमीला राजघराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होते आणि गावकरी सोने लुटतात. चौकाचे नावही त्यावरूनच आले.

एक प्रश्न मुले हमखास विचारतात, तो आपल्यालाही पडेल. जातवार वसतिगृहे काढणारा राजा जातिभेदाविरुद्ध कसा? याला मी असे उत्तर देते की, त्या काळी सगळ्यांचे एकच वसतिगृह काढले असते, तर ते दुसऱ्या दिवशी ओस पडले असते. आधी मुले शहरात आली पाहिजेत, शिकली पाहिजेत. एकत्र बसून चहा पिण्याची वेळ त्यानंतरची. आपले उत्तर वेगळे असू शकेल.

७. स्मृतिस्तंभापाशी

दसरा चौकाकडून भाऊसिंगजी रोडकडे निघताना चाल हळू ठेवा. या भागात वाहने, फलक, फेरीवाले आणि सीपीआरला आलेल्या रुग्णांचे नातेवाईक यांची सतत वर्दळ असते, त्यामुळे स्तंभ नजरेआड होणे अगदी सहज शक्य आहे. दुसऱ्या खेपेलाही मी त्याच्या शेजारून दोनदा पुढे निघून गेले होते. सापडला नाही तर आजूबाजूच्या दुकानदारांना किंवा शाहू स्मारक भवनात विचारा. तरुण दुकानदारापेक्षा वयाने मोठ्या माणसाला विचारलेले बरे. त्यांना स्तंभ कुठे आहे हे तर ठाऊक असतेच, शिवाय पाचदहा मिनिटे बोलायची तयारीही असते.

स्तंभापाशी गेल्यावर मजकूर पूर्ण वाचा. चपला घालून पायऱ्यांवर चढून फोटो काढू नका आणि तिथे खाऊन कागद टाकू नका, एवढे सांगण्याची गरज पडू नये. गर्दी असेल तर रस्त्याच्या कडेला उभे राहून वाचा, रस्त्याच्या मध्ये थांबू नका, कारण सीपीआरकडे रुग्णवाहिका सतत जात असतात.

मुलांना नेले असेल तर त्यांना एक काम द्या. आपल्या घरी बाहेरच्या माणसाला पाणी आणि चहा कशातून दिला जातो, कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का, हे वहीत लिहून आणायला सांगा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा दोन पालक माझ्यावर नाराज झाले आणि एका आजींनी स्वतः शाळेत येऊन आपल्या घरी वर्षानुवर्षे मोरीच्या खिडकीत ठेवलेल्या पितळी पेल्याची हकिकत सांगितली. तो पेला कुणासाठी होता, हे त्यांनी सुरुवातीला सांगितले नाही. बोलता बोलता अखेर सांगितले.

८. नर्सरी बाग आणि टाऊन हॉल

वेळ असेल तर इथून सिद्धार्थनगरलगतच्या नर्सरी बागेत जावे. महाराजांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन या बागेत शाहू महाराजांचे स्मारक उभारले. त्याच परिसरात आता महाराजांचे समाधिस्मारकही आहे. स्मृतिस्तंभ पाहून इथे आल्यावर चहाच्या गोष्टीचा उत्तरार्ध कळतो.

टाऊन हॉलची इमारत १८७० च्या दशकातली आहे. आतल्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत आणि त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती आहे. तिचा चहाशी काही संबंध नाही, पण दारावरून जाताना ती न पाहणे बरे नव्हे.

९. आता चहा

स्तंभ पाहून झाल्यावर चहा घेतल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही. मी कुठल्याही एका हॉटेलाचे नाव सांगणार नाही, कारण नाव सांगितले की लोक तिथेच रांगा लावतात आणि तिथला चहा बिघडतो. जुने हॉटेल ओळखायचे कसे, ते सांगते.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश, महाद्वार रोड या भागांत फिरा. काचेच्या बरण्यांत खारी, बटर, टोस्ट आणि क्रीमरोल, दाराशीच गल्ला, गल्ल्यावर मालक, मागे भट्टीचा उजेड आणि सकाळपासून एकच वर्तमानपत्र चार टेबलांवर पानापानाने वाटलेले दिसले की आत शिरा. तालमीतून आलेली पोरे आणि पेठेतले निवृत्त आजोबा एकाच टेबलाशी बसलेले दिसले तर आणखी चांगले. भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर बहुधा असतेच.

मागवताना एक खबरदारी घ्या. मुंबईच्या सवयीने ‘कटिंग’ म्हणालात, तर लोक समजून घेतील, पण हसतीलही. कोल्हापुरात ‘कट’ म्हणजे मिसळीवरचा झणझणीत रस्सा, आणि एकदा माझ्या पुण्याच्या भाच्याने घाईघाईत “दोन कट द्या” म्हटल्यावर त्याच्यापुढे खरोखरच दोन वाट्या तांबडा रस्सा आला होता. साधा चहा, स्पेशल चहा किंवा हाफ असे सांगा. दोघांत एकच हवा असेल तर तसे स्पष्ट सांगून जास्तीची बशी मागून घ्या. कोल्हापुरात दूध म्हशीचे आणि दाट, त्यामुळे साधा चहाही बाहेरच्या माणसाला स्पेशल वाटतो. मधुमेह असेल तर साखरेचे आधीच सांगावे, कारण आधणात साखर आधीच पडलेली असते आणि नंतर तक्रार करून उपयोग होत नाही.

गुळाचा चहाही घेऊन पाहा. कोल्हापूर ही गुळाची बाजारपेठ आहे. इथल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरी करायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : दूध उकळत असताना त्यात गूळ टाकला की ते नासते. म्हणून पाणी, चहापूड, आले आणि गूळ एकत्र उकळून गाळून घ्यावे आणि गरम दूध वरून शेवटी घालावे. हे मला एका हॉटेलवाल्या मावशींनी शिकवले, तेही माझे तीन पातेली दूध नासल्यानंतर.

चहा कपबशीत आला तर बशीत ओतून प्यायला लाजू नका. मी पाहिलेल्या एका हॉटेलात एक आजोबा रोज कप तिरका करून बशीत चहा ओततात, बशी तोंडाजवळ नेऊन दोनदा फुंकतात, सुर्र करून पितात आणि रिकामी बशी उलटी करून कपावर झाकून ठेवतात. बशी झाकली की पोऱ्याला कळते की दुसरा चहा नको. आपण बशी तशी झाकली नाहीत, तर न मागता दुसरा चहा येईल आणि त्याचेही पैसे द्यावे लागतील.

१०. निघताना

पैशांबाबत एक अडचण नवख्या माणसाला हमखास येते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी चार वाक्ये बोललात, कुठून आलात, कशाला आलात हे सांगितले आणि गंगाराम कांबळे यांचे नाव काढले, की उठताना गल्ल्यावर कळते की आपल्या चहाचे पैसे कुणीतरी आधीच दिलेले आहेत. अशा वेळी नोट पुढे करून वाद घालू नका. कोल्हापूरकराला ते अपमानास्पद वाटते आणि आवाज चढतो. “पाव्हणं, पुढच्या खेपेला तुम्ही द्या,” असे म्हटले जाते, ते मान्य करावे, हात जोडावेत आणि पुढच्या खेपेला त्याच वेळी, त्याच टेबलावर येऊन खरोखर द्यावेत. माझ्यावर अशा तीन चहांची उधारी आहे आणि त्यांपैकी एका आजोबांना मी गेले चार रविवार शोधते आहे.

परतीच्या केएमटी बसचा नंबर गल्ल्यावरच विचारून घ्या. तिथल्यासारखी बिनचूक माहिती थांब्यावर मिळत नाही.